प्रश्न न सोडणाऱ्या हत्तुरे मॅडम

प्रा. सुलभा हत्तुरे यांची माझी ओळख सोलापुरातल्या आमच्या महाविद्यालयात झाली. मी नव्यानेच मराठी शिकवू लागलो होतो. त्या भाषाविज्ञान शिकवत. माणसं बोलताना कोणते अलिखित नियम पाळतात आणि पुढारी ते कसे वाकवतात, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. मी तापाने फणफणलेला दिसलो की त्या न सांगता माझा तास घेत आणि वर आपला डबाही मला देत.

आज त्यांची पंचाहत्तरी पूर्ण होत आहे. चार गोड शब्द लिहावेत म्हणतो, पण मन गेल्या निवडणुकीपाशीच घुटमळतं.

स्थानिक वाहिनीवर उमेदवारांची चर्चा होती, सूत्रसंचालन मॅडमकडे. त्यांनी पुन्हा उभ्या राहिलेल्या आमदारांना विचारलं, की वळसंगकडच्या एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का? आमदार आपल्या आईबद्दल बोलले. ती किती लांबून पाणी आणायची ते त्यांनी रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आमदार विरोधकांवर घसरले. तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे. पण मी शाळेबद्दल विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी या चर्चेचा कापलेला तुकडा मोबाईलवर फिरला. मॅडमनी एका आईचा अपमान केला, असं त्याखाली लिहिलं होतं. वाहिनीने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. फोनवरून शिवीगाळ झाली. आम्ही जुने सहकारी 'जाऊ द्या' म्हणत राहिलो, पण त्यांना चैन पडेना. त्या शाळेतल्या मोठ्या मुली घरी बसू लागल्या होत्या.

वळसंगला आमदारांची सभा लागली, तेव्हा त्या मला घेऊन गेल्या. बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या आणि भाषण आईवर आलं तशा उठून त्यांनी तोच प्रश्न विचारला. कार्यकर्ते त्यांना खाली बसवायला धावले. शेजारची बाई म्हणाली, "बोलू द्या की त्यास्नी. आमच्याच पोरींचं इचारत्यात." मग एकेक बाई उभी राहत गेली. आमदारांनी माईक खाली घेतला, पुन्हा वर केला.

"न्हाय," ते म्हणाले. "पाणी न्हाय तितं."

निवडून तेच आले. शाळेत टाकी बसली, मुली परतल्या; पाणी मात्र कधी येतं, कधी नाही. मॅडम अजून फोन करून विचारत असतात.

त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. अशा लेखात निवांत दिवसही मागायचे असतात. ते मागायला माझं मन धजत नाही. मॅडम निवांत बसल्या तर विचारणार कोण?