चार चकत्यांचं कुलूप

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट कळत नाही.

बेळगावात कॉलेजात असताना आम्ही तिघे एका खोलीत राहायचो. मी नंदगडकडचा, आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच. भरमू आणि पायगोंडा निपाणीजवळच्या एकाच गावचे, जैन, लहानपणापासूनचे दोस्त. भरमूच्या ट्रंकेला पितळी कुलूप होतं, थोरल्या बहिणीनं दिलेलं. त्याला किल्ली नव्हती. चार चकत्या, त्यांवर इंग्रजी अक्षरं. ठरलेला शब्द जुळला की कडी सुटायची. भरमू हसून म्हणायचा, "किल्लीच न्हाय, तर चोर चोरंल काय?" तो शब्द त्यानं फक्त पायगोंडाला सांगून ठेवला होता — आपण आजारी पडलो तर कुणाला तरी ठाऊक हवा म्हणून.

मला सांगितला नाही, हे मला बोचलं होतं का? असेल.

त्यांच्या पर्युषण पर्वाचा शेवटचा दिवस होता. दोघांचाही उपवास, दोघेही देवळात. दुपारी पायगोंडा काहीतरी न्यायला खोलीवर येऊन गेला. मग मी एकटाच. सहज कुलपाची कडी ओढून धरली आणि चकत्या फिरवून पाहिल्या. कडी ओढली की एखादी चकती घट्ट होते. तिचं अक्षर बरोबर आलं की बोटाला जराशी ढील लागते, मग दुसरी घट्ट होते. एवढंच असतं ते. चौथी ढिली पडली तेव्हा समोर शब्द होता — AKKA, आक्का.

तिथं तरी थांबायला हवं होतं. मी झाकण उघडलं. दुसऱ्या दिवशी उपवास सोडायला, पारण्यासाठी, भरमूच्या आईनं सोवळ्यात वळून धाडलेले लाडू वरच डब्यात होते. एक खाल्ला. भुकेनं? — नाही. त्या दिवशी ज्या घरी माझा जेवणाचा वार होता तिथं मी पोटभर जेवून आलो होतो. कुलूप उघडता आलं, म्हणून खाल्ला. मग कुलूप होतं तसं लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमूनं डबा उघडला, एक लाडू कमी पाहिला, आणि तसाच मिटला.

"शब्द तुला एकट्यालाच ठाव हुता, पाया."

"मी न्हाय रं, भरमू."

चोरीचा आळ, आणि वर उपवास मोडल्याचा. मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. पान उलटलं — तेही आठवतं.

भरमूनं त्या दिवशी पारणं केलंच नाही. गोष्ट त्यांच्या गावापर्यंत गेली. पायगोंडा खोली सोडून गेला, दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. वडिलांबरोबर तंबाखूच्या शेतात लागला, असं ऐकलं. शिक्षण त्यामुळंच सुटलं का? मी कधी विचारलं नाही.

पुढं एका संध्याकाळी भरमूनं मला जवळ बसवून घेतलं. कुणाला तरी ठाऊक हवा, म्हणाला. आता तूच आहेस. आणि हळू आवाजात मला तो शब्द सांगितला.

पहिल्यांदाच ऐकतोय, अशी मी मान हलवली.