फेट्याखालचं मशीन

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी काकांनी मला आतल्या खोलीत नेऊन दार लोटून घेतलं. वडील गेल्यापासून आमच्या घरात मोठं माणूस तेच.

"उद्या ते कानामागचं काढून ठेवजो," ते म्हणाले.

"काहून?"

"काहून काय इचारतं! फुलसावंगीचा, पोरीकडचा मांडव हाय, सारं गाव येईन. अन् कानपिळी राह्यते. साला कान पिळन, मशीन खाली पडन, मंग लोक काय म्हन्तीन? नवरदेवाचा कान गळून पडला म्हन्तीन."

मला हसू आलं. काकांना आलं नाही.

मुलीकडच्यांपासून मी काही लपवलेलं नव्हतं. पाहायला गेलो तेव्हाच केस बाजूला करून दाखवलं होतं. तिचे आईवडील वाकून पाहत राहिले. तिने एवढंच विचारलं, "झोपताना काढा लागते काय?"

"हो."

"म्हंजे रातच्यानं मी काही बोलली तं तुमाले ऐकू नाई येनार."

"नाही."

"बरंच हाय मंग," ती म्हणाली, आणि मी ठरवून टाकलं, करीन तर हिच्याशीच.

काकांना धाक होता तो बाकीच्या पाव्हण्यांचा. मला मात्र एकच गोष्ट हवी होती. माझं लग्न मला ऐकायचं होतं.

हे समजायला माझे कान समजले पाहिजेत. लहानपणी दोन्ही कान फुटले. घरच्यांनी लसणाचं कडवलेलं तेल घातलं, गावात सगळेच घालतात. कान वाहतच राहिले. पुढे ऑपरेशनने वाहणं थांबलं, पण ऐकू येणं गेलं ते गेलंच. कानात घालायचं मशीन आणलं, तर कान बंद राहून पुन्हा वाहायला लागला. ते पेटीत गेलं.

गंमत अशी की पापड खाल्ला तर माझ्या डोक्यात ढग गडगडायचे, आणि समोरचा माणूस मुका. तशातच यवतमाळला पहिल्या बाकावर बसून, सरांचे ओठ वाचून मी बी.कॉम. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो. सर फळ्याकडे तोंड करून बोलले की तेवढा धडा माझ्यापुरता बुडायचा, तो मी रात्री पुस्तकातून काढायचो.

लग्नांचं तर विचारूच नका. अक्षता मी दुसऱ्यांचे हात पाहून टाकायचो. मामेबहिणीच्या लग्नात शेजारच्या माणसाने माशी हाकलायला हात वर केला आणि मी अक्षता फेकून मोकळा. भटजींनी असं पाहिलं माझ्याकडे!

नोकरी लागल्यावर नागपूरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलतो. त्यांनी चिमट्यासारखा लोखंडी काटा आपल्या गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला. डोक्यात टुंऽऽ वाजलं. चांगलं स्वच्छ. बाई कागदावर लिहून म्हणाल्या, आतला कान शाबूत आहे, वाट तेवढी बंद आहे, आपण हाडावरून जाऊ. मग ऑपरेशन झालं. उजव्या कानामागे हाडात एक लहानसा तुकडा बसवला, वर कातडीखाली लोहचुंबक. जखम भरल्यावर बटणाएवढं मशीन, त्यातही चुंबक, बाहेरून चिकटवलं. ते आवाज घेतं आणि हाड थरथरवतं. त्या दिवशी परत येताना यवतमाळच्या स्टँडवर उभा राहिलो. ऑटोवाले ओरडून सवाऱ्या बोलवत होते आणि माझी एसटी मी मुद्दाम सुटू दिली.

तर काकांना मी म्हटलं, "काढणार नाही."

ते गरम झाले, मग नरमले. "फेट्याखाली झाकून राहीन तं ठेव."

मी हो म्हटलं आणि फसलो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला ऐकू आला तो फेटा. कापड मशीनवर घासत होतं, खर्र खर्र. भटजी कापसाच्या गाठीत बसून म्हणत असावेत तसा आवाज. अंतरपाटापलीकडे ती उभी, आणि मी माझ्याच फेट्याची कुरकुर ऐकतोय! पहिलं कडवं असंच गेलं. दुसऱ्याला मी हात वर केला आणि फेटा कानावरून सारला. मशीन उघडं पडलं. काकांनी डोळे वटारले.

पण आवाज आत आला. भटजींना धाप लागत होती. तिची मावशी सुरापासून एक धुरा सोडून, बांधापलीकडून गात होती. मागे कुणीतरी म्हणालं, "नवरदेवाच्या कानाले काय लावलं बे?" दुसरा म्हणाला, "मोबाईल असीन. लग्नातही सोडत नाईत लेकाचे." हेही ऐकून घेतलं. माझ्याच लग्नातलं होतं ना.

मग होमाशी बसलो आणि तिचा भाऊ कान पिळायला आला. मित्रांनी चढवलेला, "सोडू नको बे!" त्याने उजवाच कान धरला आणि असा पिळला की मशीन उडालं. माझ्या हातात नवरदेवाची कट्यार होती, लोखंडी. मशीन टक्कन तिच्या पात्याला जाऊन चिकटलं.

जग बंद झालं. फक्त तोंडं दिसत होती, उघडी. साल्याचा चेहरा पांढरा. काका उठून उभे राहिलेले.

तिने मुंडावळ्या मागे सारल्या, हात पुढे केला आणि पात्यावरून मशीन काढलं. सगळ्या मांडवासमोर माझ्या कानामागे लावलं. आधी उलटं. फिरवून मग सरळ. पहिल्यांदा ऐकू आला तो साला, "भाऊजी, तुटलं काय? म्या हळूच पिळला!"

"तुह्यं हळूच मले मालूम हाय," ती म्हणाली. "पुढच्या साली तुह्या लग्नात दाखवीन."

मांडव हसला. भटजींनी हात हलवून सगळ्यांना गप्प केलं आणि लाह्या मागितल्या.

जेवणाच्या पंगतीत काका माझ्या शेजारी येऊन बसले. वरण कालवलं. मग कानाशी वाकून म्हणाले, "त्या नागपूरच्या बाई म्हाताऱ्याचे कान पाह्यतात काय?"

"पाहतात. तुम्हाला हाडावरचं लागेल की साधं, ते तपासून सांगतील."

"आं?"

मी मोठ्याने सांगितलं, "पाहतात म्हटलं! कान! तुमचे!"

सगळी पंगत वळून पाहू लागली. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, वाढप्याला हाक मारली, बुंदी घेतली.

"मंग घेऊन चाल," ते म्हणाले. कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता.