साहेबांचा भोवरा

काल मुलीच्या मोबाइलवर एक जपानी गाणे वाजत होते आणि मला सौदीतल्या धाहरानजवळच्या आमच्या कामगार कॅम्पातली एक दुपार आठवली. साइटवरचे जपानी इंजिनिअर साहेब जेवणाच्या सुट्टीत भोवऱ्यावरचे एक गाणे लावत. लहानपणच्या खेळण्यांवरची अशी गाणी जपानमध्ये मोठी माणसेही आवडीने ऐकतात, असे ते सांगत. एकदा त्यांनी वडिलांनी करून दिलेला लाकडी भोवरा बॅगेतून काढून आणला. आमच्यातल्या राजापूरच्या वेल्डरने माल ठेवायच्या पॅलेटच्या लाकडाचा दुसरा तयार केला आणि खाली खिळा ठोकला. त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपत आला होता आणि नव्या करारासाठी याच साहेबांची शिफारस लागणार होती. शेडमध्ये दोघे खेळले. साहेबांचा भोवरा आधी पडला. "फोड रे, सोडू नको!" आम्ही ओरडलो, कारण आमच्या गावांकडे हरलेल्याचा भोवरा खिळ्याने फोडायचा असतो. "साहेब झाले म्हणून काय झालं? खेळ तो खेळ," असे म्हणत त्याने नेम धरला आणि एका घावात त्या भोवऱ्याचे दोन तुकडे केले. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब हसले, "गुड, गुड" म्हणाले आणि तुकडे रुमालात बांधून निघून गेले. शिफारस आली नाही. का, ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही कोणी विचारले नाही. वेल्डर कायमचा गावी गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसाशी आमचे आठवडाभरात जमले. आज त्या वेल्डरचा नंबर आमच्यापैकी कोणाकडेही नाही.