न मोजलेली नाडी

आज सकाळी माझ्या मुलीने, सुमनने, माझी नाडी पाहिली. मनगट धरून, घड्याळाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. मी मध्येच काही बोलायला गेलो तर म्हणाली, "बाबा, गप्प. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावाल."

एक मिनिट किती मोठं असतं! कुणीतरी फक्त आपल्यासाठी थांबलंय, असं वाटतं. ती सरकारी इस्पितळात होती तेव्हा वॉर्डात पन्नास रोगी आणि पाळीला ती एकटी नर्स. अशी पन्नास मिनिटं आणायची कुठून? बाकीच्या जणी नाडी न पाहताच तक्त्यात बहात्तर, शहात्तर असे आकडे भरत. सुमन मात्र जमलं नाही तिथे रकाना कोरा ठेवायची. वरिष्ठ ओरडायचे, "कोरा कसा? भरून टाका!" जास्तीच्या नर्स मागून मिळाल्या नाहीत, तेव्हा तिने राजीनामा दिला.

मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. पुढे नातेवाइकांना सांगत राहिलो, "तिला झेपलं नाही." ती तिथेच बसलेली असायची. तिने माझं म्हणणं एकदाही खोडून काढलं नाही.

दुपारी धाकट्या भावाचा, वसंताचा, फोन आला. मी म्हणालो,

"वसंता, सुमनच्या नोकरीबद्दल मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"आता एवढ्या वर्षांनी काय, दादा?"

"ऐक तर. तिला काम झेपत होतं. न मोजलेली नाडी तिने लिहिली नाही, म्हणून ती बाहेर पडली. सगळ्यांना सांग."

सुमन स्वयंपाकघरात होती. मी आवाज मुद्दामच चढा ठेवला होता.