फिल्टर काढायचा राहिला

परळच्या ज्या रुग्णालयाच्या ग्रंथालयात मी नोकरी करते, तिथे डॉक्टर आम्हाला एकाच कामासाठी फोन करत. "हा रिसर्च पेपर मिळेल का? लगेच पाठवा." आमच्या मुख्य ग्रंथपाल मॅडमना हे खुपायचं. संशोधन ठरतं तेव्हापासून ग्रंथालय सोबत हवं, हे सांगत त्या दोन वर्षं एकेका विभागात फिरल्या. शेवटी छातीरोग विभागाचे प्रमुख तयार झाले. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचं काय झालं, यावर आजवर झालेलं सगळं संशोधन आम्ही शोधून द्यायचं. ते जमलं तर पुढच्या प्रत्येक अभ्यासात ग्रंथालय भागीदार, असा करार होणार होता. शोधाचं काम माझ्याकडे आलं.

प्रमुखांना यादी द्यायच्या बैठकीच्या सकाळी मी ती शेवटची चाळत होते. गिरण्या चालू होत्या त्या काळातला जवळजवळ एकही लेख तिच्यात नव्हता. स्क्रीनच्या कडेला 'फक्त पूर्ण लेख' या फिल्टरच्या चौकटीत टिक होती. शिकाऊ डॉक्टरांना लगेच उघडणारे लेख लागतात, म्हणून मी रोज ती टिक करते. इथेही हाताने सवयीने केली होती. जुने लेख इंटरनेटवर पूर्ण नसतात, नुसता सारांश असतो. ते सगळे गळले होते.

मॅडमना सांगितलं.

"कुणाच्या लक्षात येईल का?" मी विचारलं. असं विचारल्याची मला अजून लाज वाटते.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "शोध तुझा आहे. तू ठरव."

बैठकीत प्रमुखांनी यादी उलटसुलट पाहिली. शेजारचा शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "सर, एवढं सगळं वाचायलाही लायब्ररीवालेच येणार ना?" सगळे हसले. प्रमुखांनी करारावर सही करायला पेन काढलं.

"सर, नका करू."

अवघड बोलायचं असलं की मी शाळेपासून इंग्रजीच्या आड जाते. तशी वाक्यं पाठही केली होती. तोंडून मराठीच आलं. काय राहिलं, कसं राहिलं, सगळं सांगितलं.

"आम्हाला हे कळलं असतं?" प्रमुखांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग?"

"त्या काळात कामगारांना कुणी तपासलंच नाही, असं यादीवरून दिसलं असतं. तपासलं होतं, सर."

त्यांनी पेन खिशात ठेवलं. "सही आज नाही. परवा नवी यादी आणा." मग शिकाऊ डॉक्टरकडे वळून, "आणि तू यांच्या शेजारी बस. दोघांनी तपासल्याशिवाय माझ्याकडे काही यायचं नाही."

"सर, माझी ओपीडी..."

"ओपीडीनंतर."

जिन्यापाशी मॅडम एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं गं." पुढे झपाझप उतरून गेल्या.

तीन वाजता शिकाऊ डॉक्टर आला, खुर्ची ओढून बसला. टिक काढून मी शोध पुन्हा चालवला. यादी खाली खाली वाढत गेली. त्याने एकावर क्लिक केलं, दुसऱ्यावर केलं.

"उघडत नाहीयेत."

"नाहीच उघडणार. तळघरात जुन्या जर्नलांचे बांधलेले अंक आहेत, त्यांत शोधावं लागेल."

"सगळे? परवापर्यंत?"

"हो," मी म्हणाले, आणि तळघराची किल्ली घ्यायला उठले.