दयारामभाऊंचं पाहणं

मी डबल बेल मारली की गाडी हलली पाहिजे, हा एसटीचा साधा नियम. दयारामभाऊंची गाडी हलायची नाही. इंजिन घरघरत असायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ आणि डोळे मिटलेले. शेलूबाजारच्या स्टँडवर माझी त्यांच्यासोबत पहिली ड्यूटी लागली, त्या दिवशी मला वाटलं या माणसाला चक्करच आली. मी धावत पुढे गेलो. पहिल्या सीटवरची म्हातारी मलाच म्हणाली, "काई नाई झालं, कंडक्टर. श्वास पाहून राह्यले थे. रोजचंच हाय." तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले, आरशात पाहिलं आणि गिअर टाकला. मी जागेवर येऊन बसलो, पण डोकं तापलं होतं. आधीच गाडी लेट, त्यात हे नाटक कशाला?

वाशीमला उतरल्यावर मी त्यांना आडवा गेलो. "काय भाऊ, हे घरी करता येत नाई काय?" ते चहाच्या गाड्याकडे चालता चालता म्हणाले, "घरी बी करतो. पन घरी मी कोनाच्या अंगावर गाडी नेत नाई." मी दोन चहा सांगितले.

त्यांचा मूळ स्वभाव असा नव्हता, हे मला नंतर कळलं. तरुणपणी डेपोत त्यांच्या वाटेला कोणी जात नसे. एकदा मालेगावच्या चौकात त्यांनी आडव्या घुसलेल्या जीपवाल्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि एवढं मारलं, की त्याचा जबडा बांधावा लागला. सस्पेंड झाले. घरात तोंड लपवून बसले, तेव्हा विहारातल्या जुन्या माणसांनी त्यांना उचलून विपश्यनेच्या शिबिरात नेऊन टाकलं. तिथून जो माणूस परत आला, तोच मला भेटला. दर रविवारी सकाळी ते गावच्या विहारात आनापानाचा, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाचा, वर्ग घ्यायचे. बाया, पोरीबाळी, रिटायर मास्तर, सगळे चटईवर. "सति म्हंजे लय मोठं काई नाई," ते सांगायचे. "जे होऊन राह्यलं, थे होतानाच ध्यानात आलं पायजे. झाल्यावर तं कोनालेही कळते."

मी जातीचा चिडका माणूस. सुट्या पैशांवरून रोज कोणाशी तरी वाजायचंच. त्यावर त्यांचं ठरलेलं होतं. "राग बिनतिकिटाचा पॅसिंजर हाय. त्याच्याशी भांडत बसशीन तं थो अकोल्यापावतर येईन. नुसता पाह्य त्याच्याकडं, शरमून उतरते मधातच." मी हसायचो. पण एकदा मेडशीच्या फाट्यावर एका दारुड्याने माझी गचांडी धरली, आणि माझा हात उठता उठता थांबला, तेव्हा मला स्वतःचंच नवल वाटलं. त्या माणसाने मला बरंच माणसात आणलं, हे मी कुठेही सांगेन.

मग डेपोत पुण्याच्या एक मॅडम आल्या. ताणमुक्तीचं शिबिर. पडद्यावर मेंदूचं चित्र, कानाला माइक, शब्द सारखा एकच, माइंडफुलनेस. आम्ही मागे बसून खुसखुसत होतो. दयारामभाऊ मात्र पहिल्या रांगेत, सांगतील तसं करत होते. बेदाणा तोंडात धरून सावकाश चावा म्हणाल्या, तर सावकाश चावला. "चांगलं सांगते पोरगी," एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये शिबिरातलं, श्वासाची आठवण देणारं ॲपही टाकून घेतलं. ते भर गर्दीत थांब्याच्या बेलसारखं टण्ण वाजायचं आणि पॅसिंजर म्हणायचे, कंडक्टर, गाडी कायले थांबवता?

त्याच सुमारास त्यांचं पोट दुखू लागलं होतं. आम्हाला पत्ता नव्हता. ड्रायव्हर माणसाचं काही ना काही दुखतच असतं, कंबर, गुडघा, मान. ते जेवण टाळू लागले, खाकी शर्ट अंगावर लोंबू लागला. मी विचारलं, तर म्हणाले, "उपोसथ करून राह्यलो. धम्मातला उपास." खरी गोष्ट अशी होती, की हा माणूस रोज पहाटे भिंतीला टेकून स्वतःच्या पोटातली कळ पाहत बसायचा. कळ येते, वाढते, जाते. अनित्य. त्यांना ते जमत होतं, हीच तर आफत झाली. जमलं नसतं तर ओरडत दवाखान्यात गेले असते. शिबिरात आजारी माणसाने आधी डॉक्टरकडे जावं असं स्पष्ट सांगतात. ते वाक्य या हुशार विद्यार्थ्याने नेमकं सोडलं होतं.

स्टँडवरच रक्ताची उलटी झाली, तेव्हा आम्ही त्यांना अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि चिडून विचारलं, "इतके महिने काय करत होता तुम्ही?" भाऊ खाली मान घालून म्हणाले, "पाहत होतो." डॉक्टरांना काही समजलं नाही. मला समजलं आणि असा संताप आला, की मी बाहेर येऊन जिन्याच्या कठड्यावर हात आपटला. कॅन्सर जठरातून यकृतात गेला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. दुखणं दाबायच्या गोळ्या घेऊन आम्ही त्यांना घरी आणलं.

मी रोज ड्यूटी सुटली की त्यांच्याकडे जायचो. एका संध्याकाळी त्यांनी वत्सलावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बाहेर पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. "वर्गातली प्रमिला माईत हाय ना तुले? अंगनवाडीतली." माहीत होती. नवरा गेलेला, दोन मुली, वर्गाला कधी न चुकणारी. "तिच्या छातीत गाठ हाय. तिनं मले कवाच सांगतलं होतं. म्हने, दादा, पयले भेव वाटे, आता नुसतं पाहतो. अन् मी म्हनलं, शाब्बास. याले समता म्हनते, मन हालू न देनं." त्यांनी माझं मनगट धरलं. "तिले दवाखान्यात ने, भाऊ. माह्यावानी होऊ देऊ नको."

मी तसाच प्रमिलाबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दादा दुखन्यानं भ्याले," त्या म्हणाल्या. "भेलेल्या मानसाचं काय आयकाचं? त्यायनंच मले शिकोलं. मी पाहनं नाई सोडत." मी आवाज चढवला, हात जोडले, काही उपयोग नाही. परत येऊन मी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या दुपारी तिले भेटाले बोलाव. दवाखान्याचं नाव काढू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रमिलाबाईंना घेऊन गेलो, तर वहिनी खाटेजवळ गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभ्या, डोळे रडून सुजलेले. भाऊंनी सकाळपासून गोळी घेतलीच नव्हती. घामाने उशी ओली झाली होती. "आली काय?" त्यांनी विचारलं. प्रमिलाबाई पायाशी बसल्या आणि वर्गात भाऊ म्हणत तसं हळूच म्हणाल्या, "दादा, श्वासावर या."

भाऊ ओरडले. तसलं ओरडणं मी माणसाचं ऐकलेलं नाही. खाटेचा पाइप धरून ते वाकडे झाले आणि कळ ओसरेना. वहिनी गोळी तोंडाशी नेत, ते हात झटकत. शेजारची माणसं दारात जमली. शेवटी जरा दम आला, तेव्हा त्यांनी प्रमिलाबाईंचा हात धरला. "पाह्य मले. नीट पाह्य. मी भ्यालो नाई, चुकलो. भीती पाहाची असते, राग पाहाचा असते. गाठ डॉक्टरले दाखवाची असते. मी तुले शाब्बास म्हनलो, थो शब्द वापस दे मले." त्या रडत होत्या. "देतो म्हन," ते म्हणाले. "देतो, दादा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी गोळी घेतली.

सकाळच्या गाडीने मी प्रमिलाबाईंना अकोल्याला नेलं. त्यांचं ऑपरेशन झालं, पुढची केमोची इंजेक्शनं सुरू झाली. ती चालू असतानाच भाऊ गेले. शेवटच्या दिवशी गोळ्याही पुरल्या नाहीत. मी तिथेच होतो, आणि ते शांत नव्हतं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे शोकसभेला, विहार भरून गेला. त्रिशरण, पंचशील झालं. मग भाषणं. प्रत्येक जण उठून तेच बोलत होता, दादा ध्यानस्थ अवस्थेत गेले, चेहऱ्यावर तेज होतं, वेदनेवर विजय मिळवला. मी मागे बसून ऐकत होतो आणि माझी चीड पाहायचीही मला इच्छा नव्हती. तेवढ्यात बायांमधून प्रमिलाबाई उठल्या. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवया गळालेल्या.

"दादा शांत नाई गेले," त्या म्हणाल्या. "मले वाचवासाठी त्यायनं गोळी घेतली नाई, अन् गुरावानी ओरडले. खोटं सांगू नोका. खोटं सांगसान तं आनखी कोनी तरी घरात गप बसून राहीन." सभेत चुळबुळ झाली. त्या खाली बसल्या नाहीत. "इथं कोनाले काई दुखते काय? कोनाले गाठ लागते, रक्त जाते? हात वर करा. मी सोबत येतो."

कोणी हलेना. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. सूत्रसंचालन करणाऱ्याने माइक हातात घेतला. तेवढ्यात पुढे, भाऊंच्या फोटोशेजारी पांढऱ्या साडीत बसलेल्या वत्सलावहिनींनी हात वर केला.

मी माणसं ओलांडत त्यांच्याजवळ गेलो. "वहिनी, कवापासून?"

"झाले बरेच दिवस," त्या म्हणाल्या. "हे बरे झाल्यावर सांगीन म्हनलं होतं."