दहा मिनिटांचं ध्यान

शहागडला आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. तेही लग्न होऊन, एका लेकराची आई झाल्यावर. नवरा ट्रकवर असतो, पंधरा-पंधरा दिवस घरी येणं होत नाही. मी सकाळच्या एसटीने तालुक्याला जाते आणि दुपारी परत येते. तोवर पाच वर्षांची मुलगी अंगणवाडीतून येऊन सासूबाईंजवळ असते.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लक्षात आलं की मुलगी मला काहीच सांगत नाही. "आज काय केलं गं?" विचारलं की "काही न्हाई." मग तीच सासूबाईंच्या मांडीवर बसून कोण पडलं, कोण रडलं, खिचडीत मीठ कसं जास्त होतं, सगळं सांगायची. फोनवर वडिलांशीही बोलायची. मी भाकरी थापत पाठमोरी ऐकायचे. ही पोरगी मला हळूहळू विसरेल, अशी भीती वाटायची. पण कुणाला सांगणार?

एकदा मानसशास्त्राच्या तासाला मॅडम लहान मुलांविषयी शिकवत होत्या. वर्गात लेकुरवाळी मी एकटीच, म्हणून मुली वळून माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "मॅडम, हिला विचारा, ही सिनियर आहे." सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली. त्या गडबडीत अर्धंच कानावर आलं. वहीत लिहिलं : रोज दहा मिनिटं ध्यान, मुलासोबत. नंतर मॅडमना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. ध्यान म्हणजे काय, ते तर सगळ्यांनाच माहीत असतं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आतल्या खोलीत चटई टाकली. मुलीला समोर बसवलं. "डोळे मिटायचे. बोलायचं नाही, हलायचं नाही."

"कशासाठी?"

"आपल्या दोघींसाठी."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "काय करून राह्यल्या गं मायलेकी? लेकराला गोसावी करती का?"

"कॉलेजात सांगितलंय, आत्या."

"मंग बराबर असंल," म्हणून त्या गेल्या.

चार दिवस ती चुळबुळली. नंतर अगदी शांत बसायला लागली. मला वाटलं, जमतंय. डोळे मिटून मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकायचे. आपण दोघी किती जवळ आहोत, असं वाटायचं.

नवव्या की दहाव्या दिवशी डोळे उघडले तर तिची मांडी घट्ट, डोळे गच्च मिटलेले आणि अंगठा तोंडात. गालावरून पाणी ओघळत होतं. अंगठा बाहेर काढला. बोरीचा काटा आत मोडला होता.

"कधी टोचला?"

"मघाशी. बसायच्या आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ध्यान चालू व्हतं ना."

सासूबाईंनी सुई आणली. काटा काढताना त्या मुलीशीच बोलत होत्या, पण ऐकवत मला होत्या. "ध्यान करती म्हणं तुझी माय. लेकराकडं ध्यान कुठंय?"

हा शब्द त्यांच्या तोंडून मी रोज ऐकत होते. दुधावर ध्यान ठेव. शेरडाकडं ध्यान दे. तरी वहीतला शब्द मला वेगळा वाटला होता, घरातल्या शब्दापेक्षा मोठा.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मॅडमना गाठून विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, मुलांकडे ध्यान द्या म्हणाले होते मी. म्हणजे लक्ष द्या."

संध्याकाळी चटई टाकली नाही. तरी ठरलेल्या वेळी मुलगी येऊन मांडी घालून बसली आणि तिने डोळे मिटले. मी डोळे उघडे ठेवले. तिच्या भुवईवर एक बारीक व्रण आहे. तो कशाचा, ते मला माहीत नव्हतं.

तिने एक डोळा किलकिला केला. "तू बघून राह्यली?"

"हो."

"मंग मी बोलू का?"

आईशी बोलायला तिला परवानगी लागत होती, आणि ती सवय मीच लावून ठेवली होती. "बोल ना," म्हणाले.

तिने दुसराही डोळा उघडला. मग म्हणाली, "काही न्हाई," आणि उठून बाहेर आजीकडे गेली.

मी तिथेच बसून राहिले. तिला हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. हल्ली त्या वेळी मी रोज तिच्याजवळ जाऊन बसते. ती खेळत असते. बहुतेक दिवस काही बोलत नाही.